अडेला क्रेनची मान

नेदरलँड्समधल्या मराठी माणसांच्या कुठल्याही कार्यक्रमात गेलं, की समोरचा माणूस हातातली प्लेट सावरत पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही कुठं?" म्हणजे राहायला कुठं असं नव्हे, कुठल्या कंपनीत. इथले आपले बहुतेक लोक संगणकासमोर बसतात, आणि उरलेले त्यांना बसवतात. मी तोंडातला वडा सावकाश गिळायचो आणि सांगायचो, "मी मेलेल्या बायकांना उठवून चालायला लावतो."

एका जयंतीच्या कार्यक्रमात हे ऐकून एक काकू अशा दचकल्या, की त्यांच्या वाटीतली खीर शेजारच्या गृहस्थांच्या सुटावर गेली. मागून माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, माणसासारखं सांगा नं. जुन्या सिनेमांची फिल्म दुरुस्त करतात हे."

आता निवृत्त झालोय, तेव्हा माणसासारखं सांगतो. जमेल तितकं.

नागपुरात मी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. म्हणजे वरच्या खोलीत बसून मशीन चालवायची, एक रीळ संपलं की दुसरं लावायचं. मी रीळ इतकं झटकन बदलायचो की पडद्यावरच्या खलनायकाला दम खायला फुरसत मिळत नसे. पुढं टॉकीज बंद पडली आणि त्याच सुमारास सुनंदाला एनस्खेडेच्या विद्यापीठात प्लास्टिकवर संशोधन करायची नोकरी लागली. आमच्या घरात शिकली ती, म्हणून विमानात पुढं ती आणि मागं सामान घेऊन मी. माझ्या व्हिसावर मी 'अवलंबून असलेला जोडीदार' होतो. आजवर माझ्याबद्दल कुठल्याही सरकारनं इतकं अचूक काही लिहिलेलं नाही.

एनस्खेडेत मी पोळ्या लाटल्या आणि सायकलवरून पडलो. तिथली एकही गल्ली अशी नाही जिनं माझा गुडघा पाहिला नाही. मग सुनंदाला स्लोटरडाइकच्या एका कंपनीत जागा मिळाली, आम्ही हार्लेमला राहायला आलो, आणि पहिल्याच आठवड्यात सायकल पंक्चर झाली. पंक्चरवाल्याचं म्हणून जे दार ढकललं, ते चुकीचं निघालं. आतून वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा, जुन्या फिल्मचा वास. ज्याला तो कळतो त्याला अत्तराची गरज नाही. आत एक उंच, सुतळीसारखा माणूस हातानं रीळ गुंडाळत बसला होता. तो योस्ट. त्यानं मला हाकलायच्या आधी मी त्याच्या पुढ्यातली फाटकी फिल्म उचलली आणि डोळे मिटून जोडून दाखवली. योस्ट आजही म्हणतो की डोळे उघडे होते. पण तो डच आहे, त्याला कौतुक करताना पोटात दुखतं.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघं त्या खोलीत. जुने सिनेमे जपणारे मोठमोठे संग्रह आपल्याकडची आजारी रिळं आमच्याकडं पाठवायचे. काम सोपं आहे, फक्त माणसाकडं मुंगीचा संयम लागतो. फिल्म म्हणजे चित्रांची लांब पट्टी, दोन्ही कडांना भोकं. ती आकसते, चिकटते, फाटते. आम्ही ती उलगडायची, पुसायची, फाटलेली भोकं चिकटवायची, सुटलेले तुकडे मूळ क्रमानं जोडायचे, आणि मग ती कॉपी करायला पाठवायची. एकच नियम: जे होतं ते वाचवायचं, जे नव्हतं ते घालायचं नाही. हा नियम योस्टनं मला पहिल्या दिवशी सांगितला आणि नंतर दररोज, कारण तो माझ्या गप्पा ऐकत होता.

गिऱ्हाईकंही एकेक. एक आजोबा बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून आले. आत त्यांच्या वडिलांनी जावा बेटावर काढलेली फिल्म होती म्हणे. आम्ही हातमोजे घातले, दिवे मंद केले, श्वास रोखून डबा उघडला, तर आत बिस्किटं. वडिलांच्याच काळातली. योस्टनं एक चाखलं. डच माणूस बिस्किट वाया घालवत नाही. "अजून कुरकुरीत आहे," एवढंच बोलला. दुसऱ्या एका बाईंना आपल्या लग्नाच्या फिल्ममधून नवरा काढून हवा होता. बाकी वऱ्हाड राहू द्या म्हणाल्या.

पण या अंकाच्या संपादिकाबाईंनी विचारलं, की तुमच्या हातातून गेलेल्यांपैकी कोण लक्षात राहिलं, तर मी एकच नाव सांगेन. अडेला क्रेन.

तुम्ही ऐकलं नसेल. हॉलिवूडमध्येही आता कोणी ऐकलेलं नाही. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत ती तिथं होती. कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या पेट्या भरायची. नागपूरच्या माणसाला एवढं नातं पुरे. त्या बागेत शूटिंगला आलेल्या कोणीतरी तिला पाहिलं. चेहरा बरा होता, पण मान! अशी मान मी दुसरी पाहिली नाही. सुरईला लाज वाटावी अशी. स्टुडिओनं तिचं मूळ नाव टाकून क्रेन ठेवलं, म्हणजे सारस पक्षी. इमारती पाडणारी क्रेन नव्हे, हे मला जयंतीच्या हॉलमध्ये दरवेळी सांगावं लागतं. वर वर्तमानपत्रांत छापून आणलं की ही परागंदा रशियन सरदाराची मुलगी. संत्री कुठं गेली कोणास ठाऊक.

बरीच वर्षं तिला नायिकेची मैत्रीण केलं, नाहीतर मागच्या टेबलावर पाठमोरी बसवलं. शेवटी एका सिनेमात ती नायिका झाली. गोदीवर राहणारी गरीब बाई, खलाशाच्या प्रेमात पडते, त्याला निरोप देते आणि धुक्यात चालत निघून जाते. संपला सिनेमा. आणि अडेलाही संपली, कारण त्याच वर्षी स्टुडिओनं तिला काढलं. पडद्याला आवाज फुटला होता, आणि लोक म्हणत की तिचा आवाज तेल न घातलेल्या फाटकासारखा आहे. पुढं ती ट्यूलिपचे कंद विकायला तिकडं गेलेल्या एका डच व्यापाऱ्याशी लग्न करून हार्लेमजवळच्या गावात आली आणि तिथंच वारली.

अमेरिकेत त्या सिनेमाची एकही प्रत उरली नाही. उरली ती डच थिएटरांसाठी आलेली, डच पाट्यांची. पाट्या म्हणजे मूकपटात मधूनमधून येणारी अक्षरं. एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर डबे सापडले, आणि संग्रहानं ते आमच्याकडं पाठवले. ही परदेशी जाणारी प्रत कशी बनायची तेही सांगतो. प्रत्येक प्रसंग दोन-चार वेळा शूट व्हायचा. सगळ्यात चांगला देशातल्या सिनेमात, आणि उरलासुरला, दुय्यम, फसलेला परदेशी. म्हणजे घरात चालला नाही तो माल बाहेर. मी हे सुनंदाला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. मी म्हटलं, "हसतेस काय? तूही त्याच विमानात होतीस."

डबे आले आणि पाठोपाठ मेफ्राउ कोस्टर आल्या. मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब. वय ऐंशीच्या पुढं, डोक्यावर पावसाळी टोपी, काठी घंटेसारखी वाजवत. अडेलाची एकुलती एक मुलगी. लहानपणच्या तापात त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून बोलायच्या, आणि इतकं झकास वाचायच्या की माझं मराठी वळणाचं डचसुद्धा त्यांना कळायचं. योस्टला ते अजून कळत नाही.

"माझ्याकडं फार वेळ नाही," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला एकच गोष्ट बघायची आहे. आई सांगायची, शेवटच्या दृश्यात दिग्दर्शकानं बजावलं होतं, पाठमोरी चालत जायचं, अजिबात वळायचं नाही. आणि आई वळली. वळून त्याला तोंडावर म्हणाली, 'मी पाठ दाखवून जाणार नाही.' दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं फाटक तिच्यासाठी बंद."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? गावात कोणी विश्वास ठेवला नाही. बाबांनीसुद्धा नाही. आमच्याकडं म्हणतात नं, साधं वागा, तेवढा वेडेपणा पुरे. आई फरचा कोट घालून पाव आणायला जायची. पाववाला विचारायचा, 'आज वळलात का, मेफ्राउ?' आणि सगळं दुकान हसायचं. ती मरेपर्यंत तेच सांगत राहिली आणि मरेपर्यंत थापाडी ठरली." त्यांनी काठी आपटली. "ती वळली का नाही, तेवढं मला सांगा."

खरं सांगतो, थापाड्या माणसाची बाजू घेणारा जगात एकच असतो, दुसरा थापाडा. मी त्यांना शब्द दिला.

पहिली रिळं तयार झाली तेव्हा आम्ही त्यांना खोलीतल्या छोट्या पडद्यावर दाखवली. तेव्हा कळलं की ही बाई काय चीज आहे. ओठ वाचायला त्या शिकल्या होत्या आईच्याच तोंडावर! तापानंतर अडेला रोज पोरीला समोर बसवून हळूहळू इंग्रजी बोलायची. म्हणजे तो मूकपट सगळ्या जगाला मुका, आणि या एका बाईला घडाघडा बोलणारा. पडद्यावर प्रेमप्रसंग चालू. पाटी आली: 'तुझ्याविना माझं जीवन अंधार आहे.' मेफ्राउ खो खो हसायला लागल्या.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, 'तू परत कांदा खाऊन आलास.'"

योस्ट हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढं एकदाच. बिस्किटाच्या वेळीही तो हसला नव्हता.

शेवटचं रीळ मात्र लांबलं. जुने जोड डिंकासारख्या चिकट द्रवानं केलेले असतात, तो सुकला की तुकडे सुटतात. डब्यात नुसती खिचडी होती. मी एकेका तुकड्याला नाव दिलं, माझ्या सवयीप्रमाणे मराठीत. जहाज, दोर, हात. नायकाच्या एका तुकड्याला 'टकल्या'. धुक्यावर चंद्र उगवतो त्या तुकड्याला 'चांदोबा'. आणि एक तुकडा असा, की तो हातात धरून भिंगाखाली पाहिला आणि मी उभाच राहिलो. पाठमोरी अडेला चालतेय. थांबते. ती सुरईसारखी मान हळूच वळते, ती सरळ आपल्याकडं बघते आणि ओठ हलतात. खाली पाटी नाही, काही नाही. फसलेला शॉट. देशात फेकला आणि परदेशी पाठवला.

त्या तुकड्याचं नाव मी ठेवलं 'मान'.

मेफ्राउंना मी कळवलं नाही, योस्टलाही तो तुकडा दाखवला नाही. म्हटलं, ही बातमी चिठ्ठीनं द्यायची नाही. हॉल भरलेला असावा, पडदा मोठा असावा, आणि तिथं तिनं वळावं. माझ्यातला नाटक्या, दुसरं काय. त्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं. तुकड्यांचा क्रम लावून झाला होता, फक्त शेवटचं जोडायचं बाकी. नागपूरला गेलो. वरातीत नाचत असताना योस्टचा फोन आला.

"मिलिंद, संग्रहाला आज रीळ हवंय. सगळ्यात शेवटी काय येतं?"

कानाशी बँड असा वाजत होता की विमानतळावर विमानं थांबली असतील. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मान! योस्ट, एकदम शेवटी मान!"

"मान?"

"हो रे बाबा, मान! दुसरं काही नको!"

"यस," योस्ट म्हणाला. योस्टनं ऐकलं आणि योस्टनं केलं.

आता जे इथं राहतात त्यांच्या लक्षात आलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. डच भाषेत 'मान' म्हणजे चंद्र. उच्चार तोच, काडीचा फरक नाही. मला माहीत नव्हतं का? होतं! पोराटोरांना माहीत असतं. पण त्या खोलीत मान म्हणजे अडेलाची मान, आणि चंद्र म्हणजे चांदोबा. आणि योस्टला वाटत होतं की चांदोबा हे नायकाचं नाव आहे, कारण नायकाचं तोंड गोल होतं आणि मी तो शब्द नेहमी प्रेमानं उच्चारायचो. टकल्याबद्दल त्याचं काय मत होतं ते मी विचारलं नाही.

मी परतलो त्या दिवशी दुपारी संग्रहात निवडक लोकांसाठी खेळ होता. धावतपळत पोचलो तेव्हा शेवटचं रीळ चालू होतं. मेफ्राउ पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. निरोप झाला. अडेला पाठमोरी धुक्यात निघाली. मी छाती फुगवली. आणि पडद्यावर चंद्र उगवला. मोठा, गोल, निर्लज्ज. समाप्त.

टाळ्या झाल्या. चित्रपट शिकवणाऱ्या एक प्राध्यापकबाई उठून बोलायला लागल्या, की हा शेवट काळाच्या फार पुढचा आहे. स्त्री चंद्रात विरघळते, तिची पाठ हाच तिचा निषेध. त्यांनी त्यावर पुस्तिकेसाठी निबंधही लिहून ठेवला होता. मी बघत होतो फक्त पहिल्या रांगेकडं. मेफ्राउंनी टोपी घातली, काठी घेतली आणि कोणाच्या तोंडाकडं न बघता बाहेर पडल्या. बहिरा माणूस तुमच्या तोंडाकडं बघत नाही, तेव्हा त्यानं दार बंद केलेलं असतं.

मी योस्टला जिन्यात धरलं. "मान कुठंय?"

"शेवटी. तू म्हणालास तशी."

"ती मान नाही, तो चंद्र आहे!"

"चंद्र म्हणजेच मान."

"अरे, मान म्हणजे हे!" मी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. लोक बघायला लागले, त्यांना वाटलं मी त्याला मारायची धमकी देतोय. योस्टनं माझा गळा नीट पाहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"मग चांदोबा कोण?" त्यानं विचारलं.

मानेचा तुकडा उरलेल्या डब्यात सुखरूप होता. संग्रहप्रमुखांनी रास्त प्रश्न केला, की हा तुकडा शेवटचाच कशावरून? उत्तर सोपं होतं. फिल्म मशीनमधून जाताना धूळ अडकली की लांब ओरखडा पडतो, पडद्यावर पावसाच्या सरीसारखा दिसतो, आणि तो एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात सरळ जातो. चंद्राच्या तुकड्यातून निघालेला ओरखडा मानेच्या तुकड्यात आरामात पुढं चालला होता. म्हणजे आधी चंद्र, मग मान. मला भीती होती ती प्राध्यापकबाईंची. त्यांनी भिंगातून पाहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे तर अजून चांगलं आहे. निबंध तसाच राहील. 'विरघळते' ऐवजी 'नाकारते' करा." विद्वत्ता ही अशी हवी, कुठल्याही आकाराच्या भांड्यात बसणारी.

उरल्या मेफ्राउ. जाहीर खेळ पुढच्या रविवारी होता, आणि त्या फोन उचलत नव्हत्या, म्हणजे ज्या फोनवर अक्षरं उमटतात तो. मी सायकल काढली. वारा असा, की पेडल मारतोय हार्लेमच्या बाहेर आणि सायकल चाललीय घराकडं. कंदांच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, आणि मी कालव्यात. पाणी गुडघाभर होतं असं योस्ट म्हणतो. तो मागून त्याच्या सायकलवर येत होता. मी म्हणतो, मी बुडता बुडता वाचलो, आणि एका बदकानं मला वर ढकललं.

मेफ्राउंनी दार उघडलं. मी ओलाचिंब.

"मेफ्राउ, त्या वळतात! तुमची आई वळते! चूक झाली होती, भाषेची चूक, आता शेवट बदललाय!"

त्यांनी माझे ओठ वाचले. सगळे शब्द वाचले. मग म्हणाल्या, "चंद्र पाहिला मी. तो मला खिडकीतून फुकट दिसतो."

"पण मी खरं सांगतोय!"

"तू मला सांगितलंस की नागपुरात तू हत्तीवर मशीन बांधून सिनेमा दाखवायचास."

"ते... तो हत्ती..."

"तू म्हणालास, तुझ्या आजीनं वाघाला झाडूनं हाकललं. तू गोड माणूस आहेस, मिलिंद. माझी आईही गोड होती." आणि त्या दार लावायला लागल्या.

असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. आयुष्यभर मी थापा खपवल्या, एकही परत आली नाही. पहिल्यांदा खरं विकायला निघालो आणि गिऱ्हाईक माल हातात घ्यायला तयार नाही. शपथ घ्यायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की हत्तीच्या वेळीही शपथ घेतली होती.

तेवढ्यात योस्ट आला. सायकल कुंपणाला टेकवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. दाराशी आला, मेफ्राउंच्या समोर उभा राहिला, म्हणजे ओठ दिसावेत असा.

"ती वळते," तो म्हणाला.

बस. पुढं काही नाही. मेफ्राउ त्याच्याकडं बघत राहिल्या. ज्या माणसानं आजवर स्वतःच्या मुलालाही 'छान' म्हटलं नसेल, त्याच्या तोंडचे ते दोन शब्द. त्यांचा हात दारावरून खाली आला.

"रविवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, त्याला.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. सुनंदा स्लोटरडाइकच्या ऑफिसातलं अर्धं मराठी मंडळ घेऊन आली होती, सगळ्यांच्या पिशवीत चिवडा. संग्रहाचे लोक, प्राध्यापकबाई, मेफ्राउंच्या गावातलेही काही म्हातारे. पाववाल्याचा मुलगा होता त्यांत, आता स्वतः आजोबा झालेला. मी मशीनजवळ उभा. निरोप, धुकं, पाठ. चंद्र आला. मग अडेला थांबली, आणि ती मान वळली.

चिवडाही थांबला. मोठ्या पडद्यावर ती बाई एवढ्या वर्षांपलीकडून सरळ आमच्याकडं बघत होती. ओठ हलले. अंधार.

दिवे लागले तेव्हा सगळा हॉल मेफ्राउंकडं वळला होता. त्या बसून होत्या. गाल ओले, हनुवटी वर. पाववाल्याचा मुलगा स्वतःच्या बुटांकडं बघत होता. प्राध्यापकबाई हातात माइक घेऊन जवळ गेल्या आणि नीट समोर उभं राहून म्हणाल्या, "मेफ्राउ, जगात हे फक्त तुम्हीच वाचू शकता. काय म्हणाल्या त्या?"

मेफ्राउ उठल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी गावाच्या रांगेकडं पाहिलं. "म्हणाली, 'मी पाठ दाखवून जाणार नाही.'"

टाळ्यांनी छत उडालं, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये. प्राध्यापकबाई जरा घुटमळल्या. "एवढ्याशा क्षणात एवढं लांब वाक्य?"

"इंग्रजी आटोपशीर भाषा आहे," मेफ्राउ म्हणाल्या.

बाहेर कॉफी चालू असताना संग्रहप्रमुखांनी मला सांगितलं, की त्या शॉटखाली हे वाक्य छापायचं. सिनेमा आता जगभर जाणार, लोकांना कळायला हवं. मी मेफ्राउंना कोपऱ्यात गाठलं. नेमके शब्द लिहून घ्यायचे होते. पण मी तो तुकडा भिंगाखाली एवढा पाहिला होता की माझ्या स्वप्नातही तो उलटा-सुलटा चालायचा.

"मेफ्राउ," मी हळूच म्हटलं, "ओठ दोनदाच हलतात. आणि नीट उघडतसुद्धा नाहीत."

त्यांनी कप खाली ठेवला. इकडं तिकडं पाहिलं. डोळ्यांत काय चमक होती, सांगू! कालव्यातलं बदकसुद्धा त्यापुढं फिकं. मग त्यांनी मला खरं सांगितलं.

मी म्हटलं, "म्हणजे दिग्दर्शकाला उत्तर वगैरे..."

"तिला वाटलं, कॅमेरा थांबला. म्हणून वळली."

"आणि ते फाटक बंद? नोकरी?"

"ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?" त्यांनी माझ्या दंडाला धरलं. म्हातारीची पकड लोखंडी होती. "पण ती वळली. हे खोटं नव्हतं. ते सगळे तिला हसले, आणि ती वळली होती. पुढचं तिनं रंगवलं. तू हत्ती रंगवतोस तसं."

"आमच्या धंद्यात नियम आहे, मेफ्राउ. जे नव्हतं ते घालायचं नाही."

"तुझ्या धंद्यात," त्या म्हणाल्या. "माझी ती आई आहे. लिही."

योस्ट पलीकडं उभा राहून बिस्किट खात होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं नियम सांगितला असता, म्हणून मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाक्य टाइप केलं. डचमध्ये, इंग्रजीत, फ्रेंचमध्ये. योस्टनं स्पेलिंग तपासलं आणि म्हणाला, "बरोबर आहे."

तेव्हापासून तो सिनेमा बऱ्याच देशांत दाखवला गेलाय, आणि प्रत्येक ठिकाणी त्या शॉटला टाळ्या पडतात असं ऐकतो. प्राध्यापकबाईंचं त्या वाक्यावर एक अख्खं पुस्तक येतंय. गेल्या महिन्यात मेफ्राउंकडं गेलो होतो. हा लेख लिहायचा म्हणून परवानगी मागितली. त्यांनी विचारलं, कुठल्या भाषेत? मराठीत म्हटल्यावर म्हणाल्या, "त्या भाषेत सांग. तिकडं तिला पाव विकत घ्यायचा नव्हता."

तर सांगतो. धुक्यात, चंद्राखाली, सारसासारखी ती मान वळवून अडेला क्रेननं कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि दिवसभर उभं राहून पाय दुखलेली कुठलीही बाई विचारेल तसं विचारलं: "झालं? जाऊ घरी?"